शत्रू कोणता, राजा कोणता: भिंतीवर लावायचा एक मराठी कालपट

पवित्र शास्त्रातले शत्रू राजे आणि शिलालेखांतून माहीत असलेले राजे समोरासमोर मांडणारा एक मराठी कालपट सध्या मुंबईतल्या धार्मिक पुस्तकांच्या काही दुकानांत मिळतो आहे. पाच फूट लांब, दोन फूट उंच, चकचकीत आर्ट पेपरवर चार रंगांत छापलेला, घड्या घालून प्लास्टिकच्या पिशवीत. सोबत चोवीस पानी पुस्तिका. किंमत ३८० रुपये. वरच्या पट्टीत शास्त्रातलं नाव, मधे इ.स.पू. वर्षं, खालच्या पट्टीत इतिहासातलं नाव, आणि दोन्ही नावांना जोडणारी लाल रेघ. अशा एकूण ३८ जोड्या आहेत.

रविवारच्या शाळेत शिकवणारे, सेमिनरीचे विद्यार्थी, बेने इस्राएल (मराठी ज्यू) घरांतली वाचणारी मंडळी आणि प्राचीन इतिहास घेतलेली मुलं, या सगळ्यांना हा तक्ता उपयोगी पडेल. मात्र भिंतीवर लावण्याआधी तो दुरुस्त करून घ्यायला हवा. दुरुस्ती काय आणि का, तेच इथे सविस्तर.

आधी चांगली बाजू. सर्वांत मोठी सोय नावांची. मराठी शास्त्रात कोरेश, दारयावेश, अहश्वेरोश अशी नावं येतात. शाळेच्या इतिहासात तीच माणसं सायरस, डरायस, झर्क्सिस होतात. त्यामुळे एस्तेरच्या गोष्टीतला अहश्वेरोश आणि ग्रीसवर चालून गेलेला झर्क्सिस (इ.स.पू. ४८६ ते ४६५) एकच असावा, हे अनेक वाचकांच्या लक्षातच येत नाही. या कालपटात प्रत्येक चौकटीत तीन रूपं दिली आहेत: शास्त्रातलं, शाळेतलं आणि त्या राजाच्या स्वतःच्या भाषेतलं. ख्शयार्शा हे जुनं फारसी नाव शेजारी वाचलं की हिब्रूतून मराठीत आलेलं अहश्वेरोश कुठून आलं ते कानालाच कळतं. मर्दुक-अपल-इद्दिना आणि मरोदख-बलदान, बेल-शर-उसुर आणि बेलशस्सर, असंच. एवढ्या कामासाठीसुद्धा ३८० रुपये वाजवी आहेत.

आता मुख्य दोष. ३८ च्या ३८ जोड्यांना एकाच जाडीची, एकाच रंगाची रेघ आहे. अश्शूरचा (असिरियाचा) राजा सन्हेरीब याची ओळख पक्की, अमालेकी या शास्त्रातल्या शत्रू टोळीची निव्वळ तर्क, पण तक्ता पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच खात्रीच्या वाटतात. पुस्तिकेत दोन ठिकाणी ‘असे काहींचे मत आहे’ असं लिहिलंय खरं, पण भिंतीवर पुस्तिका नसते. वर्गातली मुलं रेघ बघतात आणि रेघ पाठ करतात.

अशी जोडी तपासायची कशी? तीन गोष्टी जुळाव्या लागतात. नाव जुळलं पाहिजे, आणि तेही त्या काळच्या उच्चाराच्या नियमांनी, नुसतं कानाला सारखं वाटून नाही. काळ जुळला पाहिजे, आणि दोन्हीकडची वर्षं एकमेकांवर अवलंबून न राहता ठरलेली हवीत. तिसरं, दोन्ही बाजूंनी वेगवेगळी लिहून ठेवलेली निदान एक घटना हवी. तिन्ही मिळाली तर ओळख पक्की. दोन मिळाली तर बरीचशी. एकच मिळत असेल तर ती जोडी तक्त्यावर असू नये, फार तर तळटीपेत असावी.

पूल या नावावर ही कसोटी लावून पाहा. २ राजे १५:१९ मध्ये अश्शूरचा राजा पूल येतो आणि इस्राएलचा राजा मनहेम त्याला हजार किक्कार (वजनाचं जुनं माप) रुपं, म्हणजे चांदी, देतो. त्याच अध्यायात दहा ओव्यांनंतर तिग्लथ-पिलेसर येतो. १ इतिहास ५:२६ मध्ये दोन्ही नावं शेजारी शेजारी आहेत आणि मराठीत वाचताना ती दोन माणसं वाटतात. मूळ हिब्रूत मात्र पुढचं क्रियापद एकवचनी आहे. आता बाहेरचा पुरावा. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) एका राजावलीत इ.स.पू. ७२९ ते ७२७ या दोन वर्षांसमोर ‘पुलू’ असं नाव आहे आणि बाबेलच्या इतिवृत्तात त्याच दोन वर्षांसमोर तुकुल्ती-अपिल-एशर्रा, म्हणजे तिग्लथ-पिलेसर. शिवाय तिसऱ्या तिग्लथ-पिलेसरच्या (७४५ ते ७२७) स्वतःच्या लेखांत खंडणी देणाऱ्यांच्या यादीत शोमरोनचा (इस्राएलच्या राजधानीचा) मनहेम आहे. नाव, काळ, घटना, तिन्ही आले. कालपटात ही चौकट उत्तम केली आहे. दोन नावं, एकच माणूस, एकच रेघ. पुस्तिकेचं सातवं पान फक्त यासाठी दिलंय आणि ते पुस्तिकेतलं सर्वांत चांगलं पान आहे.

सन्हेरीबची चौकटही भक्कम आहे. इ.स.पू. ७०१ ची स्वारी त्याच्या मातीच्या लोलकावर (अनेक पैलूंच्या छोट्या खांबावर) कोरलेली आहे: तटबंदीची ४६ शहरं घेतली, यहूदाचा राजा हिज्कीया याला यरुशलेमेत पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं. २ राजे १८:१४ मध्ये खंडणी ३०० किक्कार रुपं आणि ३० किक्कार सोनं. लोलकावर सोनं ३०च, रुपं मात्र ८००. पुस्तिकेनं हा फरक लपवलेला नाही, हे आवडलं. आकडे तंतोतंत जुळले असते तर एकानं दुसऱ्याचं पाहून लिहिलं अशी शंका आली असती. सोन्याचा आकडा जुळतो, रुप्याचा जुळत नाही, आणि दोघांपैकी कुणीही यरुशलेम पडलं असं म्हणत नाही. स्वतंत्र साक्षी अशाच असतात. याच स्वारीतल्या लाखीश या यहूदाच्या शहराच्या वेढ्याची भित्तिशिल्पं निनवे या सन्हेरीबच्या राजधानीतल्या राजवाड्यात सापडली. चौकटीत त्याचं छोटं रेखाचित्र आहे, पण ते टपाल तिकिटाएवढं. थोडं मोठं हवं होतं.

अश्शूरचाच राजा सर्गोन याच्या चौकटीत एक वाक्य जोडायला हवं होतं. अख्ख्या शास्त्रात त्याचं नाव एकदाच येतं, यशया २०:१ मध्ये. १८४३ मध्ये खोर्साबादचं, म्हणजे त्याच्या राजधानीचं, उत्खनन सुरू होईपर्यंत तो स्वतंत्र राजा मानायलाही बरेच विद्वान तयार नव्हते. दुसऱ्याच एखाद्या अश्शूरी राजाचं ते टोपणनाव असावं असं धरत. म्हणजे ओळखीची चूक दोन्ही दिशांनी होते. पूलच्या बाबतीत एका माणसाचे दोन झाले, सर्गोनच्या बाबतीत दोघांचा एक झाला. शोमरोन कुणी घेतलं यावरही कालपट घाई करतो. २ राजे १७ मध्ये वेढा शल्मनेसरचा आहे आणि बाबेलचं इतिवृत्तही शोमरोन मोडल्याचं श्रेय सर्गोनच्या आधीच्या पाचव्या शल्मनेसरला देतं. सर्गोन मात्र आपल्या लेखांत २७,२९० लोक नेल्याचं सांगतो. इथे दोघांनाही शोमरोन पडल्याच्या ७२२ या वर्षावर टेकवून रेघा काढायला हव्या होत्या. छापील तक्त्यात फक्त सर्गोन आहे.

वर्षांबद्दल पुस्तिका फार कमी बोलते, आणि तिथेच वाचक अडकतात. अश्शूरात दर वर्षाला एका अधिकाऱ्याचं नाव देत. अशा नावांच्या लांबलचक याद्या सापडल्या आहेत. बुर-सगाले या अधिकाऱ्याच्या वर्षी सूर्यग्रहण झाल्याची नोंद आहे. ते ग्रहण गणितानं १५ जून ७६३ इ.स.पू. ला येतं. त्या एका खुंटीवर मागची-पुढची वर्षं टांगता येतात, म्हणून ८५३ किंवा ७०१ एवढ्या ठामपणे लिहिता येतं. शास्त्रातली वर्षं ‘अमुक राजाच्या अमुक वर्षी’ अशी आहेत, आणि मोजण्याच्या दोन रीती होत्या. गादीवर आल्याचं अर्धवट वर्ष काही ठिकाणी शून्य धरत, काही ठिकाणी एक. म्हणून यहूदाचा राजा यहोयाखीन पकडला गेला ते वर्ष २ राजे २४:१२ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याचं आठवं, आणि यिर्मया ५२:२८ मध्ये सातवं. बाबेलच्या इतिवृत्तात सातवंच आहे, तारीख अदार महिन्याची २, म्हणजे १६ मार्च ५९७. कालपटात आठव्या वर्षावरून उलटं मोजून ५९८ छापलंय. ते ५९७ करून घ्यावं.

दिमिष्काचे (दमास्कसचे) राजे हजाएल आणि बेन-हदाद यांच्या चौकटी वर्गात सर्वांत जास्त गोंधळ घालतील. कालपटात बेन-हदादची एकच चौकट आहे, इ.स.पू. सुमारे ९०० पासून ७९० पर्यंत. एकशे दहा वर्षं राज्य करणारा राजा! बेन-हदाद हे दिमिष्काच्या गादीवरचं नाव आहे, जसं मिसरात (इजिप्तमध्ये) फारो. १ राजे १५ मध्ये यहूदाचा राजा आसा याच्या वेळचा एक, १ राजे २० मध्ये इस्राएलचा राजा अहाब याच्या वेळचा दुसरा, २ राजे १३ मध्ये हजाएलाचा मुलगा तिसरा. तिसऱ्याला झक्कूर राजाच्या शिलालेखाचा आधार आहे, तिथे ‘हजाएलाचा मुलगा बर-हदाद’ असं स्पष्ट लिहिलंय. मधल्याची अडचण अशी की इ.स.पू. ८५३ च्या कर्करच्या लढाईच्या अश्शूरी लेखात दिमिष्काचा राजा अदाद-इद्री, म्हणजे हदादेजर, आहे, बेन-हदाद नाही. त्याच लेखात अहाब इस्राएली २,००० रथ आणि १०,००० पायदळ घेऊन त्याच हदादेजराच्या बाजूनं, अश्शूरच्या तिसऱ्या शल्मनेसरच्या विरुद्ध उभा आहे. ‘शत्रू’ हा शिक्का दहा वर्षंसुद्धा टिकत नाही, हे या एका चौकटीत दाखवता आलं असतं. दुरुस्ती: चौकटीवर दोन उभ्या रेघा मारून तीन भाग करा आणि मधल्या भागात ‘हदादेजर?’ असं प्रश्नचिन्हासकट लिहा.

कूशाचा (मिसरच्या दक्षिणेकडच्या देशाचा) तिऱ्हाका तर शत्रूंच्या रांगेतच चुकून आलाय. २ राजे १९:९ मध्ये तो सन्हेरीबावर चालून येतो. म्हणजे यहूदाच्या बाजूचा. तो म्हणजे मिसरच्या इतिहासातला तहर्का हे खरंच, पण गादीवर आला ६९० मध्ये. ७०१ ला तो राजा नव्हता. नंतर मिळालेला किताब आधीच्या घटनेत लावलाय, एवढाच याचा अर्थ. ओळख पक्की, रांग चुकीची.

पलिष्टी या इस्राएलच्या शेजारच्या शत्रू लोकांची पट्टी कष्टानं केलेली दिसते. मिसरचा फारो तिसरा रामसेस याच्या आठव्या वर्षी, इ.स.पू. सुमारे ११७५, मेदिनेत हबूच्या देवळाच्या भिंतीवर ‘पेलेसेत’ येतात. ते पलिष्टी, यावर फारसा वाद नाही. मात्र ही लोकांची लोकांशी जोडी आहे, राजाची राजाशी नाही, आणि कालपट मथळ्यात ‘राजे’ म्हणतो. पलिष्टी राजांची नावं पुढे मिळतात. एक्रोन या पलिष्टी शहराच्या उत्खननात १९९६ मध्ये पाच ओळींचा एक लेख सापडला: पादीचा मुलगा अकयश (म्हणजे आखीश) याने देऊळ बांधलं. पादी सन्हेरीबच्या लेखात आहे आणि त्याचा मुलगा इकौसू या नावानं सन्हेरीबचा वारस एसर-हद्दोन याच्या यादीत. इथवर ठीक. पण कालपटानं यालाच दाविदाला आसरा देणाऱ्या गथच्या आखीशाशी जोडलंय. नाव तेच, शहर दुसरं, मधे तीनशे वर्षं. तीनपैकी एकच गोष्ट जुळते. ही रेघ पुसावी.

आता अमालेकी. कालपटाच्या डाव्या टोकाला ‘अमालेकी = हिक्सोस’ आणि ‘अगाग = अपोफिस’ अशा दोन जोड्या आहेत. वाचकांना भुरळ पडेल अशाच आहेत, म्हणून जरा थांबून सांगायला हवं. हिक्सोस हे आशियातून आलेले राजे. त्यांनी नाईलच्या मुखाजवळच्या अवारिस, आजच्या तेल एद-दबा, इथून साधारण १६५० ते १५५० इ.स.पू. राज्य केलं, अपोफिस त्यांतला दीर्घकाळ राज्य केलेला राजा, आणि त्याच्यानंतर थोड्याच काळात मिसरच्या अहमोस राजानं त्यांना हाकललं. अमालेक्यांचा राजा अगाग १ शमुवेल १५ मध्ये इस्राएलचा पहिला राजा शौल याच्या हाती सापडतो, म्हणजे इ.स.पू. अकराव्या शतकाच्या शेवटी. पाचशे वर्षांचं अंतर. ते बुजवायला या मताचे लोक मिसरचा सगळा कालक्रम पाच शतकं खाली ओढतात. तसं ओढलं की अमार्नाची पत्रं (मिसरमध्ये सापडलेला राजांचा पत्रव्यवहार) तुटतात, कारण त्यांत मिसरचे राजे बाबेलच्या बुर्ना-बुरियाशला आणि अश्शूरच्या अशुर-उबल्लितला लिहितात-वाचतात, आणि हे दोघे आपापल्या राजावल्यांत जागेवर घट्ट बसलेले आहेत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिसरच्या रेडिओकार्बन तारखाही जुन्याच कालक्रमाला धरून आहेत. नावाचा आधार असा सांगतात की जुन्या हिब्रू अक्षरांत अगाग आणि अपोप सारखे दिसतात. पण अपोफिसचं नाव मिसरी चिन्हांत कोरलेलं आहे, हिब्रू अक्षरांत नाही. आणि घटना? अमालेक हे नाव आजवर वाचलेल्या एकाही मिसरी किंवा मेसोपोटेमियातल्या लेखात नाही. तीनपैकी शून्य.

अमालेक्यांचा शेवट अगागापाशी होत नाही, म्हणून या चौकटीची चूक पुढेही जाते. एस्तेरमधला, ज्यूंचा नाश करू पाहणारा हामान ‘अगागी’, म्हणजे अगागाच्या वंशातला, आहे, आणि पुरीमच्या सणाला एस्तेरचं वाचन ऐकणाऱ्या प्रत्येक बेने इस्राएल कुटुंबाला त्या एका शब्दातला अमालेकाचा धागा माहीत असतो. कालपटात हामानपासून मागे अगागापर्यंत, तिथून हिक्सोसपर्यंत एक लांब लाल रेघ आहे. पहिला टप्पा शास्त्रातलाच आहे, तो ठेवावा, पण ठिपक्यांचा. तो वंशाचा धागा आहे, शिलालेखाचा नाही. फारसी शिलालेखांत हामान सापडत नाही. दुसरा टप्पा काढून टाकावा.

अशीच आणखी एक जुनी चूक शिनारच्या (बाबेलच्या प्रदेशातल्या) अम्राफेलाची. उत्पत्ती १४ मधला हा राजा म्हणजे हम्मुराबी, असं शंभर वर्षांपूर्वी बरेच अभ्यासक मानत. नावं ध्वनीच्या नियमांनी नीट जुळत नाहीत, आणि हम्मुराबीच्या लेखांत अशी मोहीम नाही. हे मत कधीच मागे पडलंय. त्याच अध्यायातल्या कदार्लागोमराचं नाव एलामी घडणीचं आहे, कुतिर-लगमर असं काहीसं, पण त्या नावाचा एलामचा राजा कुठल्याही यादीत नाही. दोन्ही रेघा काढाव्यात. मेदी दारयावेशाची (दानीएल ५:३१) रेघही गुबारू या कोरेशाच्या अधिकाऱ्याकडे नेलीय ती काढावी. ५३९ च्या बाबेलच्या करारपत्रांवर तिथला शेवटचा राजा नबोनिदस याच्यानंतर थेट कोरेशाचं नाव येतं, मधे दुसऱ्या राजाला जागाच उरत नाही.

शिशकाची रेघ ठेवावी, पण खालचं वाक्य बदलावं. यहूदाचा राजा रहबाम याच्या पाचव्या वर्षी आलेला शिशक म्हणजे मिसरचा राजा पहिला शोशेंक, यावर बहुतेकांचं एकमत आहे. त्याची जिंकलेल्या गावांची यादी मिसरमधल्या कर्नाकच्या देवळाच्या भिंतीवर आहे आणि मगिद्दोला त्याच्या नावाच्या शिलालेखाचा तुकडाही सापडलाय. कालपट लिहितो, ‘कर्नाकच्या यादीत यरुशलेम’. शिल्लक असलेल्या नावांत यरुशलेम नाही. मवाबाचा मेशा मात्र निर्दोष आहे: १८६८ मध्ये दिबोनला सापडलेला शिलालेख, त्यात इस्राएलचा राजा अम्री याचं नाव, मवाबाच्या कमोश देवाचं नाव, आणि इस्राएलाविरुद्धचं बंड मवाबाच्या बाजूनं सांगितलेलं.

बेलशस्सरला ‘युवराज’ म्हटलंय, ‘राजा’ नाही, याबद्दल करणाऱ्यांचं कौतुक. नबोनिदस दहा वर्षं अरबस्तानातल्या तेमा शहरात होता आणि बाबेलचा कारभार मुलाकडे होता. म्हणून दानीएलाला ‘तिसरा अधिकारी’ करण्याचं वचन देतात, दुसरा नव्हे.

छपाई. कागद चकचकीत असल्यानं जेल पेन फिस्कटतं. दुरुस्त्या सीडी मार्करनं कराव्यात, पेन्सिल तर उमटतच नाही. एक घडी नेमकी ७२२ वर आली आहे. दोन-तीनदा उघडमीट झाली की शोमरोनच्या ओळीची शाई तडकते, म्हणून विकत घेतल्याबरोबर उघडून, दोन दिवस जाड पुस्तकांखाली सपाट ठेवून, मॅट लॅमिनेशन करून घ्यावं. चकाकणारं लॅमिनेशन नको, ट्यूबलाइटखाली खालची पट्टी वाचता येत नाही. नुसता सेलोटेपनं भिंतीवर लावला तर जुलैपर्यंत कडा सुटून वळतात. ५ मिलिमीटर सनबोर्डवर चिकटवलेला बरा. खालच्या पट्टीची अक्षरं बारीक आहेत, वीस मुलांच्या वर्गात मागच्या रांगेला दिसत नाहीत.

लॅमिनेशनच्या आधी रेघा तीन प्रकारच्या करून घ्याव्यात. छापील लाल राहू द्यायची ती फक्त पक्क्या ओळखींसाठी. आमच्या मोजणीत त्या २१ भरतात. ८ जोड्यांवर काळ्या मार्करनं आडव्या चिरा मारून रेघ तुटक करावी. मिसरचा सो राजा (२ राजे १७:४), अगागी हामान आणि लिदियाच्या गुगूशी जोडलेला यहेज्केलचा गोग या गटात जातात. उरलेल्या ९ वर पांढरी पट्टी चिकटवावी. काम तासाभराचं आहे.

मुलांना घेऊन छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जाणार असाल तर पुस्तिका जवळ ठेवा, तक्ता घरी. तिथे अश्शूरच्या निमरुद शहरातल्या राजवाड्यातली भित्तिशिल्पं आहेत. अश्शूरच्या दरबाराचा थाट, दाढीची वळणं, दगडावर आडवी गेलेली कीलाक्षरं प्रत्यक्ष पाहिली की ‘अश्शूर’ हा शब्द भूगोलात उतरतो. १८४० च्या दशकात निमरुदहून निघालेल्या पेट्या नदीनं बसऱ्याला, तिथून बोटीनं मुंबईला आणि मग इंग्लंडला जात. आपलं बंदर या शोधाच्या वाटेवर होतं. पुस्तिकेच्या अकराव्या पानावर कीलाक्षरांतले ‘राजा’ आणि ‘अश्शूर’ हे दोन शब्द मोठे करून छापलेत. ते पान उघडून ओळींशी ताडून पाहायला मुलांना सांगावं. आठवी-नववीतली मुलंही चिन्हं शोधून काढू शकतात.